पट्टी काढताना दुखू नये म्हणून: आमची वाटचाल

जळगावच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. जखमेवर लावायची ड्रेसिंग्ज आम्ही बनवतो, त्यातही महिनोन्‌महिने न भरणाऱ्या, चिघळलेल्या, दुखऱ्या जखमांसाठीची. कापसाच्या गुंडाळ्या विकणारे लोक या कामाकडे कसे वळले, असं बरेच जण विचारतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहायला घेतलं.

सुरुवात बाबांची. खान्देशात कापूस घरचा, जिनिंग दाराशी, तेव्हा सर्जिकल कापूस करायचा असं त्यांनी ठरवलं. शेतातून आलेला कापूस पाणी पीत नाही, कारण त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बंद टाकीत दाबाखाली उकळायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करायचा, भरपूर पाण्याने धुवायचा, सुकवून पिंजायचा आणि निळ्या कागदात गुंडाळायचा. प्रत्येक लॉटची परीक्षा बाबा स्वतः घेत. ग्लासातल्या पाण्यावर कापसाचा बोळा सोडायचा. प्रमाणाप्रमाणे तो 10 सेकंदांच्या आत बुडायला हवा. तरंगत राहिला तर सगळा लॉट परत टाकीत. त्या वेळी मजुरी, वाफ, पाणी सगळं वाया जायचं, पण बाबांनी यात कधी सूट दिली नाही.

पुढे गॉज आणि गॅमजी पॅड आले. गॉजचं कापड आम्ही तामिळनाडूतल्या राजापालयमजवळच्या छत्रपट्टीहून मागवायचो. देशभरातलं बरंचसं बँडेजचं कापड तिकडच्या मागांवर विणलं जातं. इथे कापून, घड्या घालून पाकिटं व्हायची. गॅमजी म्हणजे दोन गॉजच्या मध्ये कापूस. ही कल्पना बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमजी यांनी 1880 मध्ये काढली आणि आपल्या दवाखान्यांत ती आजही रोज वापरात आहे. धंदा बरा चालत होता. पण सगळं टेंडरवर, किलोमागे चार आणे कमी देणारा दुसरा कुणी नेहमी तयार, आणि बिलं अडकलेली.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी कारखान्यात आले तेव्हा माझ्याकडे वसुलीचं काम आलं. बिलासाठी थांबायचं म्हणजे बहुतेक वेळा ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या बाकावर बसायचं. आतले आवाज मी तिथेच ऐकले. एका दवाखान्यात एक म्हातारी आजी पायाची जखम घेऊन एक दिवसाआड यायची. दाराशी आली की हात जोडायची. "पट्टी सोडतांना मना जीव जास, ताई," असं ती मला म्हणाली. सिस्टर वाईट नव्हत्या, त्यांच्यापुढे रांग होती. गॉजचं एक टोक धरायचं आणि ओढायचं, हीच रीत सगळीकडे.

त्या गॉजखाली काय चालतं ते पुढे वाचून, विचारून कळत गेलं. जखमेतला स्राव गॉजच्या जाळीत शिरतो आणि तिथेच वाळतो. खालून येणारे नवे लाल मांसांकुरही त्याच जाळीत वाढतात. गॉज ओढला की ते उपटून येतात, रक्त येतं. म्हणजे रुग्णाला कळ तर लागतेच, शिवाय दोन दिवसांत जे भरलं तेही निघून जातं. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला, वरून आधार द्यायला गॉजसारखी वस्तू नाही. उघड्या मांसावर थेट ठेवायला मात्र ती योग्य नाही.

"जखम उघडी ठेवा, हवा लागू द्या, सुकेल," हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. डुकरांच्या कातडीवर सारख्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. नव्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत पुढे जातात. वर खपली धरली की त्यांना खपलीच्या खालून वाट काढावी लागते. आजच्या जवळजवळ सगळ्या आधुनिक ड्रेसिंगांचा पाया हाच.

म्हणून आमचं पहिलं नवं उत्पादन होतं पॅराफिन गॉज. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ऑग्युस्त ल्युमिएर यांनी ते आणलं, सिनेमाच्या शोधामुळे ज्यांचं नाव आपण ऐकतो तेच. मोकळ्या विणीच्या कापडाला मऊ पॅराफिन लावलेलं असतं, त्यामुळे ते जखमेला सहसा धरत नाही. ऐकायला सोपं, पण आमच्या गावात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पॅराफिन पातळ होऊन पाकिटाच्या एका कोपऱ्यात गोळा व्हायचं आणि बाकीचं कापड कोरडं. मग जरा जास्त तापमानाला वितळणारं मिश्रण घेतलं, पाकिटं आडवीच ठेवायची असा नियम केला, आणि उन्हाळ्यात माल रात्रीच्या गाडीनेच पाठवायला लागलो.

दुसरी अडचण निर्जंतुकीकरणाची. कापसाला, गॉजला इथिलीन ऑक्साइड वायू चालतो, पण तो पॅराफिनच्या आत शिरत नाही. त्याला कोरडी उष्णता लागते किंवा गॅमा किरण. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'आयसोमेड' 1974 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून वैद्यकीय वस्तूंना गॅमा किरण देण्याची सोय देशात आहे. साधारण 25 किलोग्रे ही त्याची रूढ मात्रा. किरणांनी सुती धागा थोडा कमजोर होतो, म्हणून कापडच जरा दमदार घ्यावं लागलं. लहान उद्योगाला असले बारकावे कुणी आयते सांगत नाही. मालाची खोकी मुंबईला पाठवत आणि परत आणत आम्ही ते शिकलो.

पॅराफिन गॉजही दोन दिवसांनी वाळतो, आणि फार पाणी सुटणाऱ्या जखमेत तो पुरत नाही. तेव्हा सिलिकॉनचा थर असलेल्या फोमकडे वळलो. मऊ सिलिकॉन कोरड्या कातडीला हलकेच धरतं, ओल्या जखमेला चिकटत नाही. फोम स्राव शोषून घेतो आणि ओल टिकवतो. हा फोम आम्ही बनवत नाही, त्याचे रोल विकत घेतो. कापणं, आकार देणं, पाकिटबंद करणं, निर्जंतुक करून घेणं आमचं. टाचेसाठी वेगळा आकार, माकडहाडासाठी वेगळा. टाचेच्या आकाराची कापणी आमच्याकडच्या बायकांनीच सुचवली, आधी कडा दुमडून बुटात घासायच्या.

ड्रेसिंग विकायला गेलं की पहिला प्रश्न असतो, "यानं जखम साफ होईल का?" पिवळा चिकट थर किंवा काळी खपली जखमेत असली की खालचं मांस वर येत नाही, जंतूंनाही आसरा मिळतो. ते काढायलाच हवं. पण दरवेळी चिमट्याने ओरबाडायची गरज नसते. शरीर स्वतःच विकरं (एन्झाइम) सोडून मेलेला भाग विरघळवत असतं, त्याला फक्त ओल लागते. कोरड्या खपलीवर हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी असलेलं जेल, लावून वर झाकलं की काही दिवसांत ती मऊ होऊन सुटू लागते. खूप पाझर असेल तर अल्जिनेट. ते समुद्री शेवाळापासून करतात. त्यातलं कॅल्शियम जखमेतल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि धाग्यांचं जेल होतं, म्हणून सलाइनने धुतलं की निघून येतं. स्वच्छ करायला बहुतेक वेळा 0.9 टक्के सलाइन पुरतं, तेही कोमट केलेलं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना बरं वाटतं, पण तो रोज ओतला तर जखम भरणाऱ्या पेशीही मरतात. हळद, चुना, तंबाखू, राख भरून आलेल्या जखमा आम्ही आजही बघतो. त्या माणसांवर रागवून उपयोग नाही. जवळ जे होतं ते त्यांनी लावलं.

वेदनेबद्दल सिस्टरांच्या प्रशिक्षणात मी जरा जास्तच वेळ घेते. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी घ्यावी, ड्रेसिंग सुरू झाल्यावर नाही. चिकटलेली पट्टी आधी भिजवायची. कडेपासून, केसांच्या दिशेने, कातडीला आडवा हात लावून काढायची. आणि रुग्ण "थांबा" म्हणाला की थांबायचं. एका ग्रामीण रुग्णालयात मी हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "ताई, तो थांबा म्हणतो तेव्हाच आम्ही घाई करतो, लवकर संपावं म्हणून." सगळ्या वर्गाला ते पटलं आणि पुढचा तास फक्त त्यावरच गेला.

पण नुसती पट्टी बदलून सगळं होत नाही. अमळनेरचे एक आप्पा, एसटीत कंडक्टर होते. आयुष्य उभ्याने गेलं, पायाच्या शिरा फुगलेल्या, घोट्याच्या वर तळहाताएवढी जखम, तीही कित्येक वर्षांची. आमचं फोम लावल्यावर दुखणं कमी झालं, आकार मात्र तसाच. शिरांच्या जखमेला खालून वर दाब देणारं बँडेज लागतं, घोट्याशी साधारण 40 मिलिमीटर पारा इतका. तोही धमन्यांचा रक्तपुरवठा तपासूनच, कारण रक्त कमी पोचणाऱ्या पायाला असा दाब दिला तर पाय जाऊ शकतो. डॉक्टरांनी घोट्याचा रक्तदाब मोजला, मग दाबाचं बँडेज सुरू झालं. जखम कडेकडेने आत येऊ लागली. एका भेटीत फोम काढला, आप्पा वाट बघत राहिले आणि म्हणाले, "आज काहीच दुखनं नही." जखम भरल्यावरही त्यांना दाबाचे मोजे घालायचेत, ते त्यांना आवडत नाहीत, पण सूनबाई लक्ष ठेवून असतात.

मधुमेहाच्या पायाचं दुखणं वेगळंच, कारण तिथे बऱ्याचदा दुखतच नाही. चैत्रात खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगगडाला पायी जातात, कित्येक अनवाणी. तापलेल्या डांबरावर तळव्याला फोड येतात. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला घरी येऊन तळवा बघेपर्यंत पत्ता लागत नाही. अशा जखमेवरचा भार काढला नाही, तर वर कितीही महागडं ड्रेसिंग लावा, ते भरणार नाही. म्हणून यात्रेच्या आधी आम्ही औषध दुकानांत पत्रकं ठेवतो: पादत्राण सोडू नका, रोज रात्री तळवा आरशात बघा.

काही गोष्टींना आम्ही नाही म्हणतो. चांदीयुक्त ड्रेसिंगला मागणी भरपूर, नफाही चांगला. पण जंतुसंसर्गाची लक्षणं नसलेल्या जखमेला ते महिनोन्‌महिने लावून काही मिळत नाही. आमचे प्रतिनिधी तसं स्पष्ट सांगतात. रक्त न पोचणाऱ्या टाचेवरची कोरडी काळी खपली ओली करायला आम्ही माल देत नाही, ती डॉक्टरांनीच बघावी. लाली पसरतेय, ताप आहे, दुखणं अचानक वाढलंय, अशा फोनवर आमचं उत्तर एकच असतं: आजच दवाखान्यात जा.

किमतीचा मुद्दा दरवेळी निघतो. गॉज काही रुपयांत येतो आणि फोम शेकड्यांत. पण गॉज रोज बदलावा लागतो, फोम जखमेनुसार तीन-चार दिवस राहू शकतो, कधी त्याहून जास्त. चोपड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून रोज येणाऱ्याचं गाडीभाडं धरा, सोबत येणाऱ्या लेकीची मजुरी बुडते ती धरा. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते. चार आठवड्यांत मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्र निम्म्यावर आलं नाही, तर उपचार नव्याने तपासायला हवेत, हे त्याच कागदावर खाली लिहिलेलं असतं.

जळगावकर म्हणून केळीच्या पानाबद्दल सांगायलाच हवं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर आणि त्वचा काढलेल्या जागेवर केळीच्या पानाचं निर्जंतुक ड्रेसिंग वापरून पाहिलं गेलं, आणि ते काढताना रुग्णांना दुखत नाही असं दिसलं. रावेर, यावलच्या बागा दाराशी असताना हे वाचून मी हरखले होते. पण पान ताजं लागतं, टिकत नाही, आणि तो अभ्यास जुन्या चिघळलेल्या जखमांचा नव्हता. त्यामुळे आम्ही ते उत्पादन केलं नाही. अजूनही डोक्यातून गेलेलं नाही.

2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनंतर नोंदणी, दस्तऐवज, लॉटचे अहवाल हे सगळं वाढलं. आमच्यासारख्यांना ते जड गेलं, पण मला ते योग्य वाटतं. बाबांची ग्लासातली परीक्षा आता वहीत सहीसकट लिहिली जाते, इतकाच फरक.

सध्या सुट्या पाकिटांवर काम चालू आहे. दहाचा डबा खेड्यात कुणी घेत नाही. एकेक ड्रेसिंग, सोबत सलाइनची छोटी बाटली, आणि पट्टी कशी भिजवून काढायची याची चित्रं, असं एक पाकीट केलं आहे. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आशाताईंनी चित्रं पाहून दोन बदल सुचवले: बाटलीचं झाकण उघडतानाचं चित्र मोठं करा, आणि हात धुण्याचं चित्र पहिलं घ्या. त्याप्रमाणे नवी छपाई छापखान्यात गेली आहे.