डबा रिकामा परत आला

राग क्षुल्लक होता, मान्य आहे. नवऱ्याने चार वेळा तसं सांगूनही झालंय. पण मी तो महिनाभर लोणच्यासारखा मुरवला, तेव्हा आता लिहितेच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, मी खालच्या मजल्यावरच्या आजींना फराळाचा डबा नेऊन दिला. आजी हे आमचं घरातलं नाव. समोर त्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, आणि पुढे आडनाव. जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या या इमारतीत येऊन तीन वर्षं झाली, तरी आम्ही अजून एकमेकींना 'झी' म्हणतो, म्हणजे अहो-जाहो. डबा मात्र साधासुधा नव्हता. माझ्या आजीचा स्टीलचा डबा, झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं तिचं नाव आणि खाली १९७१. आत चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत चिवडा.

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी डबा आमच्या पायपुसण्यावर हजर. घासून असा लख्ख केलेला की झाकणाच्या कडेची ती तेलकट काळी रेघ, जी मला लग्नापासून निघालेली नाही, तीही गायब. आत घडी घातलेला कागदी रुमाल आणि एक छोटं कार्ड: आभार, फार चविष्ट. बाकी काही नाही. मी रुमालाखालीही हात घालून पाहिला.

रिकामा! तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये हे आपल्याला कोणी शिकवत नाही, ते दात येतात तसं येतं. चार लिंबं, कढीपत्त्याची डहाळी, गुळाचा खडा, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. आईला फोन केला तर ती म्हणाली, "साखरेचा दाणासुद्धा नाही?" तिच्या आवाजात असं काही होतं की मला आणखी चेव आला. नवरा म्हणाला, त्यांना कसं माहीत असणार. मी म्हटलं, जगात काही गोष्टी न सांगता कळाव्यात अशा असतात. यावर तो म्हणाला, "दह्याच्या डब्याचं झाकण वेगळं काढून मगच वेष्टनांच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचं, हे तुला न सांगता कळलं होतं का?" त्या दिवशी मी त्याच्याशी फारशी बोलले नाही.

आणि या मंडळींना दारोदार वस्तू फिरवण्याची सवय नाही असंही नाही. आमच्या जिन्यात एक पाटी फिरते. केहरवोखे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराच्या मुठीला, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, तळघराची वाट आणि पुढचा फुटपाथही बघायचा. मग पाटी पुढच्या दाराला. स्वाबियातली, म्हणजे या आमच्या नैऋत्य जर्मनीतल्या भागातली, ही प्रथा जुनी, थेट पंधराव्या शतकाच्या अखेरीस काउंट एबरहार्डच्या काळात स्टुटगार्टसाठी निघालेल्या स्वच्छतेच्या नियमांपर्यंत तिचं मूळ नेतात. पाचशे वर्षं झाडताहेत! तर ही पाटी कधी चुकत नाही, उशिरा येत नाही आणि येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही, काम घेऊनच येते. मी हे वाक्य आईला ऐकवलं. ती खूप हसली. मला बरं वाटलं.

त्यात कंदिलाचं निघालं. आपला आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो. ती ५ नोव्हेंबरला झाली, पण आमचा बाल्कनीत तसाच राहिला, आळसाने म्हणा किंवा इथल्या साडेचारच्या अंधारामुळे म्हणा. आजींनी जिन्यात थांबवून अगदी गोड आवाजात विचारलं, की हा तारा टोटनझोनटागच्या आधीच का? टोटनझोनटाग म्हणजे मृतांच्या स्मरणाचा रविवार, यंदा २३ नोव्हेंबर. त्याआधी रोषणाई करायची नाही, असं जुनी माणसं अजून पाळतात. दुकानं पाळत नाहीत. सप्टेंबरपासून सुपरमार्केटात लेबकूखनचे, म्हणजे ख्रिसमसच्या मसालेदार बिस्किटांचे, ढीग लागलेले असतात. मी म्हटलं, हा ख्रिसमसचा नाहीच, आमच्या दिवाळीचा आहे आणि खरं तर उशिरापर्यंत राहिलाय. "अच्छा, म्हणजे मागच्या सणाचा," त्या म्हणाल्या आणि त्यांचं समाधान झालं. मला मात्र आपण पकडले गेलो असं का वाटलं कोण जाणे.

मग नोव्हेंबरच्या मध्यात त्यांनी बेल वाजवली. शनिवारी दहा वाजता या. एप्रन आणा. आणि तो डबा आणा, नाववाला.

इकडे ख्रिसमसच्या बिस्किटांना गुट्सले म्हणतात. उत्तरेकडचे लोक प्लेट्झखन म्हणतात, ते इथे म्हणू नये. त्या दिवशी करायची होती श्प्रिंगर्ले. हे प्रकरण मला आवडेल असं वाटलं नव्हतं. अंडी, पिठीसाखर, मैदा आणि अनीस (आपल्या बडीशेपेची चुलत बहीण, वास जास्त गोड), बस. लोण्याचा थेंब नाही. आपण नानकटाईची माणसं, तुपाशिवाय बिस्कीट म्हणजे काय ते कळेना. पण गंमत साच्यात आहे. पेअरच्या लाकडाचा कोरीव साचा, घट्ट आणि बारीक रेषा धरणारा. आजींच्या साच्यावर एक घोडेस्वार, एक पाखरू, एक टोपली. उलटून पाहिलं तर मागे चाकूने कोरलेली दोन अक्षरं. त्यांच्या आजीची. हे त्यांनी सांगितलं आणि माझ्या डब्याच्या झाकणाकडे बघितलं. मी पण बघितलं. दोघींनी पुढे काही म्हटलं नाही, कारण मी मैदा चुकीचा नेला होता.

मी ५५० नेला होता, हवा होता ४०५. मैदा तो मैदा असं म्हणून बघितलं, पण मला वर परत पाठवण्यात आलं. (हा आकडा म्हणजे पीठ जाळल्यावर शंभर ग्रॅममागे साधारण किती मिलिग्रॅम राख उरते तो. जितका लहान आकडा, तितकं पांढरं पीठ. पीठ जाळून राख मोजणाऱ्या देशात साखरेचा दाणा विसरतात, असं जिना चढता चढता मनात आलंच.)

चार अंडी आणि अर्धा किलो पिठीसाखर इतका वेळ फेटायची की मिश्रण पांढरंशुभ्र होऊन जड पडतं. मग तितकाच मैदा आणि चाकूच्या टोकावर मावेल एवढं हिर्शहोर्नझाल्झ, शब्दशः हरणाच्या शिंगाचं मीठ. पूर्वी खरंच शिंगांपासून करायचे, आता ते अमोनियम कार्बोनेट असतं. पुडी उघडली की नाकात झिणझिण्या येतात. कच्चं पीठ चाटायचं नाही असा दम मिळाला, मी पन्नाशीला टेकलेली नसून पाच वर्षांची असल्यासारखा. पीठ बोटभर जाड लाटायचं, साचा दाबायचा, तुकडे कापायचे, आणि अनीस पसरलेल्या ताटात ठेवून द्यायचे. आणि मग चोवीस तास काहीही करायचं नाही. नुसतं वाळू द्यायचं.

हे वाळवणंच सगळं काही. वरची साय सुकून कडक झाली की भट्टीत पीठ वर फुगू शकत नाही. चित्र जसंच्या तसं राहतं आणि फुगवटा खालून बाहेर येतो. त्या खालच्या सुबक कडेला फ्यूसले म्हणतात, चिमुकले पाय. श्प्रिंगर्लेला पाय हवेतच, आणि वर रंग अजिबात यायला नको. रविवारी मंद आचेवर ती भाजली तेव्हा आजींच्या प्रत्येक घोडेस्वाराला चहूबाजूंनी सारखे पाय होते. माझे मात्र एका बाजूने उचललेले, दुसऱ्या बाजूने बसके. कणकेसारखं तळव्याने रगडल्यामुळे आणि एका अंगाला पातळ लाटल्यामुळे असं झालं असावं. आजी भट्टीच्या काचेतून बघत म्हणाल्या, "तुमचे निघाले चालायला." आपली करंजी तेलात हसते, यांचं बिस्कीट चालायला लागतं. हे मी त्यांना जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला. करंजी समजावण्यातच दहा मिनिटं गेली.

मग त्यांनी माझा डबा भरला. खाली त्यांचे पायवाले, वर माझे लंगडे, मध्ये कागद. सफरचंदाची एक फोड ठेवा, ओलाव्याने मऊ होतील, आणि ३० तारखेपर्यंत, पहिल्या ॲडव्हेंटपर्यंत (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांतला पहिला), उघडायचा नाही. झाकण लावताना मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, की आमच्याकडे डबा रिकामा देत नाहीत, तुमच्याकडे असं काही नाही का?

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "पण ऑक्टोबरात माझ्याकडे काय होतं घालायला? भाजायला तर आत्ता सुरुवात होते." मग जरा विचार करून, "दुकानातली बिस्किटं का घालायची होती? तुम्ही एवढं सगळं हाताने केलेलं, त्यावर?"

मी गप्प बसले. कारण लाडू मी केले होते. शंकरपाळे मी आणि नवऱ्याने मिळून. चकल्या आणि चिवडा मात्र भारतीय दुकानातून आणलेली पाकिटं होती, तीही 'एकावर एक'. आता दोन मुलं, पूर्ण वेळची नोकरी आणि दुप्पट चौकशा करणारं कर ऑफिस असताना परदेशात चकली कोण करतं? कोणी म्हणजे कोणी करत नाही. आमच्या मंडळात एक बाई करतात, पण त्या निवृत्त आहेत. शिवाय पाकीट फोडून डब्यात भरणं हेही एक काम आहेच.

३० तारखेला डबा उघडला. चौघांनी चहात बुडवून खाल्ली. धाकट्याला पायांपेक्षा पाखरू आवडलं. माझी लंगडी बिस्किटं चवीला तंतोतंत तशीच होती, हे नोंदवून ठेवते.

काल जिन्यात आजी परत भेटल्या. हातात केहरवोखेची पाटी, आमच्या दाराला लावायला निघालेल्या. म्हणाल्या, ते काटेरी चक्र तुम्ही कसं करता, ते मला बघायचंय. पुढच्या शनिवारी दहाला जमेल का? मी 'हो' म्हणून बसले. तेही त्याच, ऑक्टोबरच्या आवाजात.

तेव्हा सद्यस्थिती अशी. सोऱ्या मंडळातल्या त्या निवृत्त बाईंकडून मागितलाय. भाजणीचं प्रमाण आईने सांगितलं, चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद, अर्धी मूग. डिसेंबरात अचानक चकली कशाला, असंही विचारलं. मी म्हटलं, उगीच, आठवण आली. डाळी भाजून झाल्या, दळायला मिक्सर घेतलाय आणि रविवारी आवाज चालत नाही म्हणून आज रात्री आठच्या आत उरकायचंय. एवढंच अडलंय: चकली तेलात विरघळते ती मोहन जास्त झाल्यामुळे की पाणी? ज्यांना खरोखर येते त्यांनीच लिहा. शुक्रवारपर्यंत.