नोटीस चिकटवणाऱ्याचे गृहीतक

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरची तर्कक्षमता शिकवतो, तेथे ‘विधान आणि गृहीतके’ (विधान करणाऱ्याने न बोलता काय धरले आहे, म्हणजे कोणते गृहीतक ‘गर्भित’ आहे, हे ओळखणे) हा घटक बहुतेक शिक्षक एका तासात उरकतात. आवाहन दिसले की ‘लोक प्रतिसाद देतील’ हे गृहीतक धरायचे आणि ‘सर्व’, ‘फक्त’ दिसले की खोडायचे, एवढे सांगितले की भागते. 120 मिनिटांत 80 प्रश्न सोडवणाऱ्या मुलांनाही तेवढेच हवे असते. मला ही घोकंपट्टी पटत नाही. मी नकाराची कसोटी शिकवतो: गृहीतक नाकारून पाहायचे आणि त्याने विधानाचा पायाच ढासळला, तरच ते गर्भित मानायचे. मुले चुकतात ती नकार देतानाच. समजा विधान पाणी उकळून पिण्याच्या आवाहनाचे आहे. ‘सर्व नागरिक पाणी उकळतील’ याचा नकार ‘कोणीच उकळणार नाही’ असा नसून ‘काही जण उकळणार नाहीत’ असा आहे. आणि काहींनी उकळले नाही तरी आवाहनाला अर्थ उरतो, म्हणून ‘सर्व’वाले गृहीतक गळते.

त्या दिवशी विधान होते, ‘ग्रामपंचायतीने पाणी उकळून पिण्याचे आवाहन केले.’ पहिले गृहीतक, न उकळलेले पाणी अपायकारक ठरू शकते. दुसरे, निदान काही गावकरी आवाहन मनावर घेतील. अपेक्षित उत्तर, दोन्ही गर्भित. एका मुलीने फक्त पहिले निवडले, आणि तेही कसोटी नीट लावून.

“कोणीच ऐकणार नाही असं समजलं तरी नोटीस लागतेच की, सर,” ती म्हणाली. “माझे वडील ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. ते नोटीस चिकटवतात, मोबाइलवर फोटो काढतात, फोटो ग्रुपवर गेला की काम झालं.”

मग पहिले तरी कशाला धरलेस, असे मी विचारले. क्षणभर विचार करून ती म्हणाली, “वरून परिपत्रक काढणाऱ्याला तरी ते वाटलं असेल ना.”

तिच्या तर्कात मला अजूनही खोट सापडलेली नाही. बोलणारा जे म्हणतो तेच त्याला साधायचे असते, हे या प्रकारच्या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी असलेले गृहीतक कोणत्याही सूचनेत छापलेले नसते. प्रश्नपत्रिकेतली ग्रामपंचायत प्रामाणिकच असते असे धरून चाल, नाहीतर अडीच गुण जातील आणि वर त्यांचा चौथा हिस्सा कापला जाईल, असे मी तिला सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले. ‘फार विचार करणारी पोरं पूर्वपरीक्षेतच अडकतात,’ असे एक सहकारी नंतर म्हणाले. ते खरेही असेल. पण याच परीक्षेतून गटविकास अधिकारी निवडले जातात, आणि नोटीस कशासाठी लावली जाते हे आधीच ठाऊक असलेली उमेदवार गाळण्यात कोणाचा फायदा आहे, हे त्यांनी सांगितले नाही.

उत्तरतालिकेत मी ‘दोन्ही’ हेच ठेवले आहे. आमच्या सराव पेपरच्या सूचनांत मात्र ‘विधान करणाऱ्याचा हेतू विधानाप्रमाणेच समजावा’ हे वाक्य वाढवले. आयोगाच्या पेपरात ते नसते, त्यामुळे प्रत्येक नव्या बॅचला ते तोंडी सांगावे लागते.