हातानं बसलेला नट

तात्यांची पिकअप गॅरेजला आली ती दुसऱ्या गाडीमागं दोरीनं ओढत. मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा दातेरी चाकांचा संच) महिनाभर ओरडत होता, त्या दिवशी त्यातल्या मोठ्या चाकाचे, क्राउनचे, दात तुटून तळाला पडले. खोलून बघितलं तर बाहेरचं कवच, म्हणजे हौजिंगही वाकलेलं. कराडच्या मार्केटमधून चिपळूणला भाजी न्यायची, आठवड्यातून तीन फेऱ्या, आणि गाडीच्या कागदावर काय वजन लिहिलंय ते तात्यांनी बहुतेक कधी वाचलंच नव्हतं.

नवं हौजिंग घालण्याची ऐपत ना तात्यांची होती, ना त्या गाडीची. जीपच्या घराण्यातलं जुनं मॉडेल, ब्रेकचा मास्टरसुद्धा (पेडल दाबल्यावर पाइपांत ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) जुन्या पद्धतीचा, एका खान्याचा. शेवटी भंगारातून पुढच्या मॉडेलचा अख्खा ॲक्सल ड्रमसकट आणला. पाट्यांच्या बैठकीचं अंतर जुळलं, शाफ्टचा फ्लँज टर्नरकडून करून घेतला, यू-बोल्ट नवे घातले. दोन दिवसांत ॲक्सल गाडीखाली गेला. अवघड काम संपलं असं मला वाटलं, आणि राहिलेले दोन ब्रेकपाइप मी बारक्यावर सोपवले. (बारक्या हे नुसतं नाव. वय बावीस आणि उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त.)

चेसीवरून येणारा रबरी होज जुन्याच टी-जॉइंटला बसतो म्हणून आम्ही तो टी उचलून नव्या हौजिंगवर लावला होता. तिथून डाव्या-उजव्या चाकाला जाणारे जुने पाइप बारक्यानं थोडे वाकवले आणि नव्या व्हील सिलिंडरला, म्हणजे ऑइलच्या दाबानं चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागाला, जोडले.

"बसले का रं?"

"हातानं बसले, मामा. शेवटाला तेवढा पाना लावला."

आमचे वस्ताद सांगायचे, ब्रेकचा नट (हा पोकळ, पाइपावर सरकणारा, आटे बाहेरून) पहिले तीन आटे हातानं गेला पाहिजे, पाना नंतर. बारक्याचं उत्तर त्या नियमात बसत होतं, त्यामुळे मी खाली वाकून बघितलं नाही.

ब्रेकच्या ऑइलमधली हवा, म्हणजे एअर, काढली. लांबचं चाक आधी, मग जवळचं. पेडल कडक झालं, पण जरा खालून धरत होतं. ओगलेवाडीच्या रस्त्याला एक चक्कर मारली. जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी जाम झाली आणि खडीवर गाडीचं शेपूट हललं. रिकामी आहे, हलणारच, असं मी मनाशी म्हटलं. गाडीनं दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी तिला समजूत घालून गप्प केलं.

गॅरेजला परत आलो, सवयीनं खाली टॉर्च मारला. डाव्या बॅकप्लेटवर (ड्रममागच्या पत्र्यावर) ओल चमकत होती. एअर काढताना सांडलेलं ऑइल असेल म्हणून फडक्यानं कोरडं केलं. बारक्याला वर बसवलं आणि दोन्ही पायांनी पेडल दाबून धरायला सांगितलं. मी पाठीवर पडून नटाकडे बघत राहिलो. पाचेक सेकंदांनी पाइप जिथून नटात शिरतो तिथं एक थेंब धरला, फुगला, माझ्या मनगटावर पडला.

ढिला असेल म्हणून पाना लावला. नट फिरला. अजून फिरला. मग फिरतच राहिला. दोन बोटांनी धरून ओढला तर पाइपासकट हातात आला, आट्यांत पिठासारखी चकाकती भुकटी.

मी तसाच खाली पडून राहिलो. एका खान्याच्या मास्टरला मागचा एक पाइप सुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. आणि ही गाडी रात्री भाजी भरून कुंभार्ली घाट उतरणार होती.

झालं असं होतं की, जुन्या पाइपाचा नट इंची, 3/8 चा, इंचाला 24 आटे. नव्या सिलिंडरचं भोक मिलीमीटरमधलं, 10 चं, 1 मिलीमीटर पिचचं, म्हणजे दर मिलीमीटरला एक आटा. 3/8 म्हणजे साडेनऊ मिलीमीटर. अर्ध्या मिलीमीटरनं बारीक असलेला नट हातानं जाणारच, अगदी लोण्यासारखा जाणार. त्यात एकाचा आटा 1.06 मिलीमीटरवर, दुसऱ्याचा 1 वर. चार-पाच फेऱ्यांनंतर ते एकमेकांना अडतात आणि पान्याला वाटतं नट आवळला. उलटं असतं, म्हणजे 10 चा नट 3/8 च्या भोकात, तर तो शिरलाच नसता आणि वस्तादांचा नियम खरा ठरला असता.

शिवाय तोंडाचीही गफलत होतीच. इंची पाइपाचं तोंड आत दुमडून फनेलसारखं फुलवलेलं असतं, ते सिलिंडरमधल्या सुळक्यावर बसतं. या नव्या सिलिंडरमध्ये सुळका नव्हताच, उलटी खोलगट बैठक होती. तिला बुडबुड्यासारखं गोल फुगवलेलं तोंड लागतं.

तेवढ्यात तात्या आले. साडेचार वाजले होते, क्रेट आठला येणार होते. बारक्या म्हणाला, टेफलॉन टेप गुंडाळून बघू. तात्या म्हणाले, जरा वेल्डिंगचा ठिपका टाका की. दोघांनाही मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. टेप पाण्याच्या नळाला. ब्रेकमध्ये जोरानं दाबल्यावर चौरस सेंटिमीटरला 60-70 किलो दाब सहज येतो, आणि तो अडवतं ते पाइपाचं तोंड. आट्यांचं काम ते तोंड बैठकीवर दाबून धरायचं.

सिलिंडरचे आटे गेले म्हणजे तो बाद. बदलायचाच म्हणून दुसरा काढला, मोजला, आणि खालून धरणाऱ्या पेडलाचा उलगडा झाला. जुन्या ॲक्सलचे सिलिंडर 7/8 इंचाचे होते, हे 1 इंचाचे. ऐकायला फरक छोटा, पण क्षेत्रफळात तीस टक्के. मागच्या लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकपट्ट्यांवर) तेवढा जोर जास्त, म्हणून मागची चाकं आधी जाम. घाटातल्या ओल्या वळणावर हलकी गाडी आडवी करायला एवढं पुरतं. दुकानदारानं त्याच घडणीचे, 7/8 चे दोन सिलिंडर शोधून दिले. एकच बिघडला होता तरी दोन्ही घेतले. तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

पाइप नव्यानं केले. बंडी पाइप (ब्रेकसाठीचा पोलादी पाइप) दोन्हीकडे 3/16 इंचाचाच, फक्त टीकडचं तोंड फनेलचं आणि नट इंची, चाकाकडचं तोंड बुडबुड्याचं आणि नट 10 चा. पहिला पाइप मापात कापला, वाकवला, दोन्ही तोंडं सुरेख फुलवली, आणि दुसरा नट टेबलावरच राहिलेला दिसला. तोंड फुलवल्यावर नट आत जात नाही. हे मी केलं, बारक्यानं नाही. तो हसला नाही, एवढं त्याचं मोठेपण.

मग चेसी जॅकवर उचलून चाकं लोंबकळती सोडली, तर रबरी होज वीणेच्या तारेसारखा ताणलेला. नव्या हौजिंगवर टी दोन इंच लांब गेला होता. तोही बदलला. साडेसातला एअर काढली, पेडल दाबून धरलं, पाच-पाच मिनिटं, तीनदा. प्रत्येक वेळी मी खाली, कोरडं फडकं नटाभोवती धरून. फडकं कोरडंच राहिलं.

नऊला तात्या निघाले. बाराच्या सुमाराला फोन आला, घाट उतरून पोफळीला चहाला थांबले होते.

"ब्रेक एक नंबर हाय. पण हॅन्डब्रेक वर ओढला तर पार छतापातूर आला की."

सिलिंडर बदलताना सोडलेली केबल मी परत ताणायची विसरलो होतो.

"गाडी गिअरमध्ये ठेवा, तात्या," मी म्हटलं, "आणि चाकाखाली दगड लावा. उद्या आल्या आल्या आधी माझ्याकडं या."