बादलीभर पिवळं पाणी

दोन वर्षांपूर्वी आमच्या तळ्यातल्या रोहू माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. काहींच्या पोटाजवळचे खवले गळून खाली जखमा दिसत होत्या. औषध विकणारा म्हणाला, खाद्यात अँटिबायोटिक मिसळा. मी नाही मिसळलं. खाद्यातून दिलेल्या औषधाचा बराच भाग माशाच्या अंगी लागतच नाही. उरलेल्या दाण्यांतून आणि विष्ठेतून ते तळाच्या गाळात जातं, तिथले जंतू त्याला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. युरोपीय संघाने नुसत्या वाढीसाठी पशुखाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं, त्यामागेही हीच धास्ती होती.

मग मी दोन गोष्टी एकदमच केल्या. पहाटे पाणी मोजलं, तर विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्याही खाली. निदान ५ तरी हवा. तेव्हा एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, रात्रभर चालू ठेवला आणि थोडे मासे काढून दाटी कमी केली. त्याच आठवड्यापासून खाद्याला ठेचलेला लसूण आणि हळदीची पूड पाण्यात कालवून चोळायला लागलो. तीन आठवड्यांत जखमा भरल्या. मी भेटेल त्याला सांगत सुटलो, लसूण-हळदीने काम केलं म्हणून.

पुढच्या हंगामात एकदा हळद लावलेले मूठभर दाणे चुकून स्वच्छ पाण्याच्या बादलीत पडले. हात धुऊन परत येईपर्यंत पाणी पिवळं! दाणे मात्र कोरे, कारखान्यातून आले तसे. तळ्यावर काम करणारा पोरगा बादलीत डोकावून म्हणाला, ‘‘दादा, हळद पाण्यानंच खाल्ली की. मासे उपाशीच.’’

मी गप्प. कारण तो बरोबर होता, आणि तसं असेल तर आदल्या वर्षी त्या जखमा भरल्या कशाने? एरेटरने. अख्खं वर्ष मी तळ्याला मसाला घालत होतो आणि पाठ लसणाची थोपटत होतो.

तेव्हापासून पद्धत बदलली. लसणात ॲलिसिन, म्हणजे त्याचं जंतू मारणारं द्रव्य, आयतं नसतं. पाकळी ठेचली की आतलं ॲलिइन आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) एकत्र येतात, मग ते तयार होतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. आख्खी पाकळी उकळली तर विकरच मरतं, मग उरतो तो नुसता चोथा. आणि ॲलिसिन टिकतही नाही, त्यामुळे आठवड्याचं खाद्य एकदम करून ठेवण्यात अर्थ नाही. मी रोजचं रोज करतो: किलोभर दाण्यांना १० ग्रॅम लसूण, चिमूटभर हळद आणि पाण्याऐवजी दोन चमचे तेल. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. शिवाय तेलाने दाण्यावर लेप बसतो. सावलीत पातळ पसरून तासभर सुकवायचं. मग पाच दाणे काचेच्या पेल्यात टाकायचे. दहा मिनिटांनी पाणी पिवळं झालं तर लेप बसला नाही. या कामापुरती हळद फार प्रामाणिक; लसूण धुऊन गेला तर डोळ्यांना कळत नाही.

‘वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार’ असं कुणी म्हटलं की मी मोहाच्या पेंडीची आठवण करून देतो. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड टाकतात. तिच्यातलं सॅपोनिन नावाचं फेसाळ द्रव्य कल्ल्यांवाटे शिरतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. तीही वनस्पतीच. शेवग्याच्या पाल्यातसुद्धा सॅपोनिन आणि टॅनिन असतात, म्हणून तो वाळवून, बेताने.

यंदा मात्र शहाणपणा केला. दोन सारख्या टाक्या, एकाच खेपेची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), तेवढंच खाद्य, तेवढंच पाणी. एकीच्या दाण्यांना लसूण आणि तेल, दुसरीच्या दाण्यांना नुसतं तेल. (नुसतं तेल विसरलो असतो तर फरक लसणाचा की तेलाचा, यावर पुन्हा वर्षभर वाद घालत बसलो असतो.) दर पंधरा दिवसांनी वजन. तीन महिन्यांनी वजनात सांगण्यासारखा फरक नाही. पण लसणाच्या टाकीतले मासे दाण्यांवर लवकर येतात आणि खाद्याच्या ताटलीत उरतं ते कमी. उरलेलं कमी म्हणजे तळाशी कुजणारं कमी. माझ्यासाठी एवढं पुष्कळ आहे. रोगाबद्दल काही बोलत नाही, कारण सुदैवाने दोन्ही टाक्यांत रोगच आला नाही.

काल तिसऱ्या टाकीत ओवा घातला, त्यात थायमॉल हे जंतुनाशक असतं म्हणून. मासे झेपावले, दाणे तोंडात घेतले आणि एकेक करून थुंकले. पोरगा हसत होता. आज ओवा निम्म्यावर आणलाय.