उजव्या हाताला सुट्टी

भिगवण आलं की माझा उजवा हात झोपायचा. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, आधी मुंग्या, मग पार लाकूड. लेक पुण्यात शिकायला गेल्यापासून महिन्यातून दोनदा तरी सोलापूर–पुणे होतं. जायचे अडीचशे किलोमीटर, यायचे अडीचशे, गाडी इंटरसेप्टर ६५०. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबली आहे, कार्पल टनेल, मोटारसायकल कमी करा. बायको म्हणाली, "अहो, हुतात्मा आहे, इंटरसिटी आहे, आता वंदे भारत पण आहे. हट्ट कशाला?" दोघांचंही बरोबर होतं. मी क्रूझ कंट्रोल शोधायला लागलो, म्हणजे मूठ पिळून न धरता गाडीचा वेग कायम ठेवणारी सोय.

आधी स्वस्तातले प्रकार झाले. मुठीवर अडकवायची एक प्लास्टिकची पट्टी मिळते. तळहात टेकवला की ॲक्सिलरेटर धरला जातो, बोटं मोकळी. आराम खरंच पडतो, पण खड्ड्यात हात दबला की गाडी उसळते. मोहोळच्या अलीकडे एकदा अशी उसळली की पट्टी तिथंच काढून खिशात टाकली. मग मूठ जागच्या जागी जाम करणारं थ्रॉटल लॉक लावलं. बरेच जण त्यालाच क्रूझ म्हणतात. पण ते मूठ धरतं, वेग धरत नाही. चढ लागला की ८० चे ६८, उताराला ९०. पुण्याचा रस्ता सपाट आहे असं मी वीस वर्षं समजत होतो; लॉक लावल्यावर त्याचे चढउतार कळले.

खरं क्रूझ वेग सतत मोजतं आणि कमी पडला तर ॲक्सिलरेटर वाढवतं, जास्त झाला तर सोडतं. केटीएम ३९० ॲडव्हेंचर किंवा हिमालयन ४५० मध्ये मूठ आणि इंजिन यांच्यात केबलच नसते. मुठीतला सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, नुसता इशारा देतो. त्या गाड्यांना मध्ये एक डबी जोडली, सॉकेटला सॉकेट लावलं, की बरंचसं काम झालं. माझ्या गाडीला चक्क दोन केबल. एक उघडणारी, एक मिटवणारी. म्हणजे ओढायला कुणीतरी हवं.

शेवटी मोटारींसाठी बनवलेला इलेक्ट्रिक सर्वोचा, म्हणजे केबल ओढणाऱ्या छोट्या मोटरचा, किट बाहेरून मागवला. कस्टम ड्युटी धरून २८ हजाराला पडला. बायकोला १८ सांगितलं. आत मुठीएवढा सर्वो, तीन बटणांची पट्टी, वायरींचा गुंता, मण्यांची साखळी आणि मोटारीच्या भाषेत लिहिलेलं इंग्रजी पुस्तक. दोन गॅरेजवाल्यांनी ते पाहून हात जोडले. "मालक, गाडीचं वायरिंग कापायचं काम आपलं नाही." त्यांचा राग आला नाही. गाडी वॉरंटीत असती तर मीच हात घातला नसता, आणि कुणी घालूही नये.

मग अण्णा आठवले. आमच्या टॉवेलच्या कारखान्याला लागून असलेल्या शेडमध्ये ते जॉबर आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीस वर्षं माग दुरुस्त करण्यात गेली. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. त्यांनी सर्वो हातात घेऊन उलटापालटा केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे सोडतंय कसं?"

मी सांगायला लागलो की सेटचं बटण दाबलं की वेग धरतं...

"धरायचं नाही इचारलो. सोडतंय कसं?"

पुस्तकात होतं ते मी वाचून दाखवलं. सर्वोत विद्युतचुंबकाचा क्लच असतो. वीज गेली की क्लच सुटतो, आणि गाडीची स्वतःची स्प्रिंग ॲक्सिलरेटर मिटवते. ब्रेक लावला की वीज जाते. अण्णांनी मान हलवली. "मग येतंय. रविवारी आण."

बसवायला तीन रविवार गेले. सीटखाली जागा नव्हती, म्हणून डाव्या बॅगेच्या स्टँडला आतून कंस मारून सर्वो टांगला. सायलेन्सरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा दिला. केबल निघते ते तोंड खाली ठेवलं, पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून. केबलला कुठंही तीव्र वळण चालत नाही, हे दोनदा उसवून कळलं. दुसरं टोक मण्यांच्या साखळीनं थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, चकतीला. इथं अण्णांनी अख्खी दुपार घातली. साखळी कुठं अडकली तर ॲक्सिलरेटर उघडाच राहणार. इंजिन बंद ठेवून त्यांनी हँडल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे शंभरदा फिरवलं असेल. प्रत्येक वेळी मूठ पिळून सोडायची आणि 'टक्' असा मिटल्याचा आवाज ऐकायचा. बायको चहा घेऊन आली, तर तिला म्हणाले, "वहिनी, जरा बोलू नका."

वायरिंग त्यामानानं सोपं. इग्निशन कॉइलवरून इंजिनच्या फेऱ्यांचा सिग्नल, मागच्या चाकाला चुंबक आणि समोर कॉइल म्हणजे वेगाचा सिग्नल, फ्यूजमधून वीज, आणि ब्रेकच्या दिव्याची वायर. गाडीचा क्लच दाबला तर इंजिनवरचा भार जातो आणि फेऱ्या भसकन वाढतात. म्हणून क्लचच्या लिव्हरखाली मायक्रोस्विच बसवून तोही किटच्या विजेच्या वाटेत घातला. हँडलवरचा लाल स्विच दाबला तरी किटची वीज जाईल अशी सोय केली. आणि सुरू केलं तर काही नाही. बटण दाबलं, ढिम्म.

दोन संध्याकाळी यात गेल्या. मीटर लावला, अर्थिंग बदललं, पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चूक माझीच निघाली. वर्षापूर्वी मी हौसेनं मागच्या दिव्यात साधा बल्ब काढून एलईडी घातला होता. हा किट ब्रेकच्या वायरीकडे बघतो तो बल्बच्या तारेतून. ब्रेक लावलेला नसताना त्या वायरीला तारेतून अर्थ मिळायला हवा. एलईडीतून तो मिळत नाही, त्यामुळे किटला वाटतं ब्रेकची वायर तुटली आहे, आणि तो धरायलाच नकार देतो. रिले लावूनही हे सुटतं. मी २१/५ वॉटचा साधा बल्ब आणून घातला. बटण दाबताच सर्वो 'कुंई' करून जागा झाला.

अण्णांना ते फारच आवडलं. मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पिन लोंबत असते. धागा तुटला की पिन पडते आणि माग थांबतो. "पिन नसती तर फाटकं कापड मीटरच्या मीटर निघतंय. हे पण तसंच बघायलंय, धागा हाय का नाही."

विजापूर रोडला पहाटे चाचणी. सोरेगाव सोडल्यावर ६० ला सेट केलं. गाडी ५२ पर्यंत पडली, मग कुणीतरी पाठीत गुद्दा घातल्यासारखी ६८ ला गेली. पुन्हा ५४. साखळी फार ढिली होती. सर्वोचा निम्मा वेळ ढील ओढण्यातच जात होता. शिवाय किटमधली छोटी स्विचेस मोटारीच्या वजनाला धरून लावलेली. साखळी घट्ट केली, दोनच मिलिमीटर ढील ठेवली, आणि संवेदनशीलता सगळ्यात खाली आणली. पुढच्या फेरीत वडकबाळच्या पुलापर्यंत काटा जागचा हलला नाही. मूठ मात्र हलत होती. माझा हात नसताना, आपली आपण, चढाला थोडी उघडायची, उताराला मिटायची. मिटवणाऱ्या केबलनं ती चकतीला बांधलेली असते, म्हणून. कारण माहीत असूनही मानेवर काटा आला.

मंद्रूपच्या अलीकडे शेळ्या आल्या.

लांब होत्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी तीस वर्षं जे करतो तेच केलं, मूठ मिटवली. मूठ मिटेना. सर्वो त्या बाजूनं ओढत होता. फार नाही, अर्धा सेकंद. मग पाय ब्रेकवर गेला, आतून 'टक्' झालं आणि सगळं सुटलं. शेळ्या निवांत रस्ता ओलांडून गेल्या. मी गाडी कडेला घेतली आणि पाणी प्यायलो.

पुस्तकात लिहिलंय ब्रेक लावा. मोटारीत ते ठीक आहे, तिथं वेग कमी करायला पाय ब्रेकवरच जातो. मोटारसायकलवर पहिली हाक मुठीला जाते. केबल नसलेल्या, सेन्सरवर चालणाऱ्या ज्या नव्या गाड्यांत कंपनीचं क्रूझ असतं, तिथं मूठ मिटवली की ते सुटतं. माझ्या जुगाडात तेवढंच राहिलं होतं.

अण्णा हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. पुढच्या रविवारी येताना मागाच्या भंगारातली एक आखूड, कडक स्प्रिंग घेऊन आले. मिटवणाऱ्या केबलचं बाहेरचं आवरण मुठीपाशी जिथं टेकतं, तिथं त्यांनी ती स्प्रिंग आणि एक मायक्रोस्विच बसवला. एरवी मूठ मिटवताना स्प्रिंग दबत नाही. सर्वो ओढत असताना जोर लावून मिटवली, तर आतली तार ताणली जाते, बाहेरचं आवरण स्प्रिंगवर दाबलं जातं, स्विच सुटतो आणि किटची वीज जाते. कडकपणा जमायला तीन स्प्रिंगा लागल्या. पहिलीत क्रूझ आपलं आपण सुटायचं, दुसरीत मनगटाला पुन्हा तोच त्रास. तिसरी बसली. पैसे विचारले तर म्हणाले, "हुरडा खायाला बोलाव थंडीत."

सर्वात शेवटी, आणि हे लोक विसरतात, दोन्ही ब्रेकचे स्विच तपासले. मागच्या पायाच्या ब्रेकचा दिवा ब्रेक धरल्यावर बऱ्याच उशिरा लागत होता. नट फिरवून तो आधी लागेल असा केला.

आता बाळे सोडलं की ८० ला सेट करतो. चारपदरी रस्त्याला दुचाकीची मर्यादा तेवढीच आहे. सावळेश्वर टोलच्या कडेच्या बोळातून जाताना सुटतं, पुढं पुन्हा लावतो. ऊस चालू असला की टेंभुर्णीच्या आसपास लावतच नाही. ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. उरुळीनंतर बंद. पावसात कधीच नाही. उजवा हात मांडीवर नेतो, बोटं उघडमीट करतो, परत मुठीवर. डाव्या हाताचं क्लचचं बोट मात्र कायम लिव्हरवर. भिगवणला आता हात जागा असतो. पुण्यात शिरताना थोड्या मुंग्या येतात, त्याला हडपसर जबाबदार आहे.

गेल्या महिन्यात इंदापूरच्या पुढं बटण दाबलं तर सर्वो गप्प. दुसऱ्यांदा दाबलं, गप्प. क्षणभर वाटलं, गेले २८ हजार. मग आठवलं. गाडी थांबवून ब्रेक दाबला आणि मागे जाऊन दिव्यावर हाताची सावली धरली. ब्रेकचा दिवा गेला होता. मागून येणाऱ्या ट्रकच्या आधी किटनं ते पाहिलं होतं. इंदापुरात परतून टपरीवजा दुकानातून बल्ब घेतला. दुकानदार म्हणाला, "एलईडी देऊ का साहेब? जास्त चालतो." मी साधे दोन घेतले, एक पिशवीत ठेवायला.