तबकडीचं वय लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्ट्यात शोधा

रेकॉर्डचा जुना संग्रह समोर आला की हात आधी ओळखीच्या कव्हरांकडे जातो. ते साहजिक आहे, पण कव्हरवरून फारसं काही ठरत नाही. प्रचंड खपलेली रेकॉर्ड साठ वर्षं जुनी असली तरी साधीच राहते. त्याच रेकॉर्डची अगदी सुरुवातीला निघालेली प्रत मात्र दुर्मीळ असू शकते. दोन्हींची कव्हरं जवळजवळ सारखी. फरक सापडतो शेवटच्या गाण्याची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत, कोऱ्या पट्ट्यात. तिथे कोरलेली बारीक अक्षरं वाचता आली की निम्मं काम झालं.

त्याआधी खोकी नीट उतरवून घ्या. शंभर एलपींचं (मोठ्या, बारा इंची रेकॉर्डचं) ओझं कव्हरांसकट साधारण २५ किलो भरतं, म्हणून एका खोक्यात ४०-५० पुरेत. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या. आडव्या चळतीत खालच्या तबकड्या दबतात आणि कव्हरवर आतल्या तबकडीचं गोल वळ उठतं. कुबट वास आला किंवा पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तोंडाला मास्क लावा आणि ती खोकी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

मग तबकडी कशाची आहे ते बघून तीन गट करा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या: जड, ताठ, पडल्या की तुकडे. व्हिनाइलची एलपी १९४८ साली आली आणि ४५ फेऱ्यांची सात इंची १९४९ साली. या किंचित लवतात. तिसरा गट सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: लॅकर तबकड्या, ज्यांना बरेच जण ॲसिटेट म्हणतात. छापील लेबल नसतं, हाताने किंवा टाइपरायटरने लिहिलेली चिठ्ठी असते. मधल्या भोकात डोकावलं तर काळ्या थराखाली ॲल्युमिनियम चमकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काहींत धातूऐवजी काच असते. मधल्या भोकाशेजारी आणखी एखाददोन भोकं असतात. अशी तबकडी साच्यातून निघत नाही, थेट कोरली जाते, त्यामुळे तीच एकमेव प्रत असण्याची शक्यता मोठी. ती सहज म्हणून लावून बघू नका. दर वेळी सुई फिरली की थर झिजतो, म्हणून पहिल्या वाजवण्यातच ध्वनी उतरवून घ्यायची तयारी ठेवा. वर पांढरी तेलकट भुकटी आली असेल किंवा थराला भेगा असतील, तर हात न लावता जाणकाराकडे न्या.

आता तो कोरा पट्टा. टॉर्च बाजूने, तिरपा धरा आणि दहापटीचं भिंग लावा. वरून सरळ प्रकाश टाकला तर अक्षरं दिसतच नाहीत. जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा: कुठलं हाताने कोरलेलं, कुठलं ठोकलेलं, कुठलं खोडून पुन्हा लिहिलेलं, सगळं. दोन्ही बाजू स्वतंत्र वाचायच्या, कारण एक बाजू पहिल्या कटिंगची (लॅकरवर ध्वनी कोरण्याची) आणि दुसरी नंतरची असं सर्रास होतं.

ईएमआय या कंपनीच्या ब्रिटिश रेकॉर्ड शिकायला उत्तम. मॅट्रिक्स क्रमांक (पट्ट्यात कोरलेला त्या बाजूचा ओळख क्रमांक) खाली येईल अशी तबकडी धरा. क्रमांकाच्या शेवटी जोडलेला आकडा कितवं कटिंग ते सांगतो. घड्याळात नऊ असतात त्या जागी मदरचा (साचे ज्यावरून बनतात त्या धातूच्या प्रतीचा) क्रमांक, तीनच्या जागी साच्याचा. साच्याचा क्रमांक मात्र अक्षरांत असतो आणि त्याची किल्ली 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या इंग्रजी अक्षरांत आहे: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे 'जीए' दिसलं तर तो तेरावा साचा. लॅकरवरून धातूची उलटी प्रत, तिच्यावरून सुलटी मदर, मदरवरून दाबायचे साचे. साचे झिजले की नवे येतात. म्हणून आकडा जितका लहान तितकी प्रत साधारणपणे आधीची.

एकाच खुणेवर मात्र विसंबू नका. ब्लू नोट या कंपनीच्या जॅझ रेकॉर्डवर 'आरव्हीजी' ही ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची खूण दिसली की लोक हरखून जातात. ती खूण मूळ कटिंग सांगते, आणि त्याच कटिंगवरून पुढेही प्रती निघत राहिल्या. सोबत कानासारखी दिसणारी छोटी कोरीव खूण हवी. ती प्लास्टीलाइट या रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याची. १९६६ साली ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यानंतर ही खूण गेली, पण शिल्लक राहिलेली जुनी लेबलं नव्या प्रतींवर लागत राहिली. म्हणजे लेबल जुनं, कान नाही, तर प्रत नंतरची.

लेबलाचा रंगही कधी सगळा निकाल फिरवतो. बीटल्सचा 'प्लीज प्लीज मी' १९६३ साली ब्रिटनमध्ये पार्लोफोन कंपनीच्या काळ्या लेबलावर सोनेरी अक्षरांत आला. स्टीरिओ प्रती मोनोनंतर आल्या आणि लवकरच लेबल काळं-पिवळं झालं, त्यामुळे सोनेरी अक्षरांची स्टीरिओ प्रत फार थोडी. कव्हरवर बारकोड असेल तर विषयच संपला: दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला १९७४ साली, म्हणजे साठच्या दशकातली पहिली प्रत ती असूच शकत नाही. हाताला जड लागणाऱ्या १८० ग्रॅमच्या एलपीही बहुधा अलीकडच्या असतात. जुन्या साधारण १२० ते १४० ग्रॅमच्या.

प्रत्येक कव्हर उघडून बघा, कंटाळा आला तरी. तबकड्यांची अदलाबदल झालेली असते, साध्या कव्हरात भलतीच चांगली तबकडी निघते. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचे गठ्ठे लोक बघताच बाजूला सारतात. बरेचसे खरंच सामान्य असतात, पण पन्नासच्या दशकातल्या एकल व्हायोलिन आणि चेलोच्या रेकॉर्ड वेगळ्या काढाव्यात. व्हायोलिनवादक योहाना मार्ट्झींनी वाजवलेल्या बाखच्या रचनांच्या तीन कोलंबिया कंपनीच्या एलपींसाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात.

प्रत दुर्मीळ निघाली की अवस्था तपासा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सगळ्याच रेकॉर्ड चांगल्या दिसतात. एकच प्रखर दिवा घ्या आणि तबकडी तिरपी करत फिरवा. नखाला न लागणारे केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा आडवा ओरखडा दर फेरीला टक् करतो. खाचांवर राखाडी झाक असेल, विशेषतः मोठ्या आवाजाच्या जागी आणि लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्यात, तर बोथट सुईने खाचांच्या भिंती खाल्ल्या आहेत. ती झाक धुऊन जात नाही, आवाज फाटतोच.

व्हिनाइल धुताना डिस्टिल्ड पाण्यात साध्या, बिनवासाच्या डिटर्जंटचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. लाखेच्या आणि लॅकरच्या तबकड्यांना अल्कोहोल कधीही लावू नका. अल्कोहोलात लाख विरघळते, आणि एकदा पुसलेली खाच परत येत नाही. जुन्या पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या काढून टाका, त्या तबकडीवर धुरकट डाग उठवतात. त्याऐवजी पॉलिथिनच्या घाला. मूळ कागदी पिशवी फेकू नका. तिच्यावरच्या जाहिरातींत कुठल्या रेकॉर्ड आहेत ते पाहून तुमची प्रत कधीची याचा आणखी एक पुरावा मिळतो, म्हणून ती कव्हरात वेगळी सपाट ठेवा.