ताण बसलेले झाड

आंब्याच्या बागायतदाराला ताण या शब्दाची भीती वाटत नाही. तो त्याची वाटच पाहत असतो. पाऊस परतला, जमिनीतला ओलावा ओसरला आणि रात्री गार होऊ लागल्या, की हापूसला ताण बसतो आणि मोहोर येतो. नोव्हेंबरात अवकाळी सरी कोसळल्या, तर मोहोराऐवजी पालवी फुटते. देवगडजवळची आमची चाळीस कलमे राखणारे काका अशा वर्षी मान वर करून एवढेच म्हणतात, “झाडाक ताणच बसूक नाय, पालवी इली.”

झाडाचा ताण असा पानांवरून ओळखणाऱ्या मला स्वतःचा मात्र दातांच्या डॉक्टरांनी दाखवून दिला. दाढ ठणकते म्हणून गेलो, तर कीड कुठेच नव्हती. दाढांचे माथे तेवढे झिजून सपाट झाले होते. “झोपेत दात खाता का हो?” या त्यांच्या प्रश्नाला मी ठासून नाही म्हणालो. घरी बायकोने शांतपणे सांगितले, की गेले दोन महिने रात्री जाते फिरल्यासारखा आवाज येतो. (लहानपणी आईने जंतांचे औषध पाजून हा विषय मिटवला असता.) फवारणीचा खर्च, पीककर्जाचा हप्ता आणि मुलाची बारावी, यांपैकी नेमके कोणावर मी दात खात होतो, हे मला आजही सांगता येणार नाही. ताणावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की थंडी असो, इजा असो वा औषधाचा मारा, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखीच असते. तेव्हा माझ्या जबड्याने तरी कर्ज आणि बारावी यांत भेद का करावा?

मग इतर खुणाही दिसू लागल्या: कानांकडे चढलेले खांदे, फोन वाजताच पोटात पडणारा खड्डा, मोजलेल्या पेट्या पुन्हा मोजणे. डॉक्टरांनी रात्री दातांवर चढवायला कवळीसारखे एक आवरण दिले आणि दिवसासाठी सांगितले, की ओठ मिटलेले असावेत, पण दात एकमेकांना टेकू नयेत. ऐकायला सोपे असलेले हे काम बाजारभाव विचारताना किती अवघड जाते, ते करून पाहिल्यावरच कळते. ते आवरण घालायला विसरलो, तर बायको काही बोलत नाही. सकाळी चहाचा कप ठेवताना हाताने फक्त जाते फिरवून दाखवते.